ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (जन्म : मुंबई, १९ एप्रिल १८९२, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, बालशिक्षणतज्ज्ञ, संपादक आणि लेखिका होत्या. गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले. ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे) त्यांनी ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालवाडी, अंगणवाडी, पाळणाघर आणि कुरणशाळा यांचे प्रयोग केले. बालशिक्षणातील कार्यासाठी १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

बालपण आणि शिक्षण

ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे मुंबईच्या प्रार्थना समाजातील अग्रणी कार्यकर्ते होते. आईचे नाव उमाबाई. स्त्रीशिक्षण, विधवाविवाह आणि जातिभेदाचा निषेध या विषयांची चर्चा घरात नित्य होत असे. मुलींनी प्राथमिक शाळेपलीकडे शिकणे ज्या काळात अपवादात्मक मानले जाई, त्या काळात ताराबाईंना उच्च शिक्षणाची संधी मिळाली. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

विवाह, अमरावती आणि राजकोट

कृष्णराव मोडक या वकिलांशी विवाह झाल्यावर ताराबाई अमरावतीस गेल्या. अमरावती हे त्या वेळी वऱ्हाडातील राजकीय व सामाजिक चळवळींचे प्रमुख केंद्र होते. तेथेच त्यांच्या संसाराला सुरुवात झाली. मात्र तो फार काळ टिकला नाही. १९२१ मध्ये पतिपत्नी कायदेशीररीत्या विभक्त झाले. घटस्फोट हा शब्दही मध्यमवर्गीय मराठी घरांत उच्चारला जात नसे, असा तो काळ होता. मुलगी प्रभा लहान होती आणि तिच्या पालनपोषणाची जबाबदारी ताराबाईंवर आली.

पुढे त्यांनी राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी स्वीकारली. या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत्या. पगार, प्रतिष्ठा आणि निवास या तिन्ही दृष्टींनी ही नोकरी एकट्या स्त्रीला सुरक्षितता देणारी होती. तरीही लहान मुलाला कसे वाढवावे आणि कसे शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर तत्कालीन शिक्षक-प्रशिक्षणात त्यांना सापडत नव्हते. त्या प्रशिक्षणाचा भर पाठांतर, शिस्त आणि परीक्षा यांवर होता.

भावनगर : गिजुभाईंसोबत

काठियावाडातील भावनगर येथे दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना त्यांच्या वाचनात मारिया माँटेसरी यांचे ग्रंथ आले आणि त्यांनी वकिली सोडून बालशिक्षणाला वाहून घेतले. त्यांच्या कामाने प्रभावित होऊन ताराबाईंनी १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला दाखल झाल्या. मोठ्या पदावरून बालमंदिरातील शिक्षिकेच्या कामाकडे येण्याचा हा निर्णय त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला.

माँटेसरी पद्धतीचा उगम येथे लक्षात घेण्याजोगा आहे. १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. आईवडील कामावर गेल्यावर चाळींमध्ये एकटी राहणारी लहान मुले सांभाळणे, ही त्यामागची मूळ गरज होती आणि त्यासाठी त्या चाळीतीलच एक खोली देण्यात आली होती. मुलांचा सांभाळ आणि मुलांचे शिक्षण ही दोन्ही कामे तेथे एकत्र सुरू झाली. पुढे मात्र ही पद्धत जगभर पसरताना महागड्या साधनांची आणि सुस्थितीतील मुलांची पद्धत बनत गेली. ताराबाईंच्या पुढील सर्व कार्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

भावनगरमध्ये ताराबाई गुजराती भाषा उत्तम शिकल्या व त्या भाषेत लिहू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, त्यात गिजुभाईंबरोबर त्यांचा पुढाकार होता. शिक्षणपत्रिका हे मासिक प्रथम गुजरातीत निघाले. त्याच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी दीर्घकाळ केले. मुलांना मारू नये, भीती दाखवू नये, बक्षिसाचे आमिष दाखवू नये, त्यांना स्वतःच्या हाताने काम करू द्यावे, हे विचार या मासिकामुळे मराठी घरांत पोहोचले. त्याचे वाचक शिक्षकांइतकेच आईवडीलही होते.

दादरचे शिशुविहार

भावनगर सोडल्यानंतर ताराबाईंनी १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिराबरोबरच बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही येथे चालत असे. येथून शिकून बाहेर पडलेल्या अनेक महिलांनी पुढे महाराष्ट्राच्या विविध भागांत बालवर्ग सुरू केले. घर सांभाळून परिसरातील मुले एकत्र करणे आणि त्यांना गाणी, गोष्टी व हस्तव्यवसाय यांतून शिकवणे, हे सुशिक्षित स्त्रियांना शक्य असलेले प्रतिष्ठित काम आहे, ही जाणीव अशा प्रशिक्षणातून रुजली.

शिशुविहार यशस्वी झाले, तरी तेथे येणारी मुले मुख्यत्वे शहरी मध्यमवर्गातील होती. बालशिक्षणाची सर्वांत अधिक गरज असलेली मुले खेड्यांत आणि कष्टकरी वस्त्यांत आहेत, हे ताराबाईंना जाणवू लागले. १९३७ पासून महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीम विचाराचा प्रारंभीचा भर सात वर्षांवरील मुलांवर होता. १९४५ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेनंतर त्यात पूर्वबुनियादी, म्हणजे सात वर्षांखालील मुलांच्या शिक्षणाचा समावेश झाला. ताराबाईंच्या ग्रामीण प्रयोगाला त्यामुळे वैचारिक आधार मिळाला.

बोर्डी : बालवाडी आणि अंगणवाडी

१९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ताराबाईंनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथील शिक्षणकार्याचे धुरीण आचार्य शं. रा. भिसे यांचे त्यांना साहाय्य लाभले. याच वर्षी बोरिवली येथील ग्रामसेविका प्रशिक्षण शिबिरात ताराबाईंची अनुताई वाघ यांच्याशी भेट झाली. अनुताई (१९१०–१९९२) बालविधवा होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या या शिक्षिकेने पुढचे सारे आयुष्य या कार्याला दिले. दोघींच्या सहकार्याला येथून आरंभ झाला आणि तो ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत टिकला.

बोर्डीत प्रथम गावात एका ठिकाणी बालवाडी भरवण्यात आली. तिच्यात गावातील सुस्थितीतील मुले आली. गावाबाहेरच्या दलित वस्तीतील व कष्टकरी घरांतील मुले मात्र येईनात. अंतर, संकोच, अंगावर कपडे नसणे, आईवडील पहाटेच कामावर गेलेले असणे, अशी अनेक कारणे होती. मुले येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असा निर्णय ताराबाईंनी घेतला. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन वस्तीवर जाऊ लागल्या आणि एखाद्या घराच्या अंगणात मुलांना जमवू लागल्या. मुलांच्या सोयीची वेळ हीच शाळेची वेळ ठरली. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. केंद्रात भरणारी बालवाडी आणि वस्तीत भरणारी अंगणवाडी असे दोन प्रकार त्यानंतर एकमेकांना पूरक म्हणून चालू राहिले.

अंगणवाडीचा दिनक्रम साधा होता. आरंभी मुलांचे हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे ही कामे होत. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ, निरीक्षण आणि हाताची कामे. माँटेसरींची आयात साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने, फुले आणि माती यांपासून साधने तयार करण्यात आली. लहानमोठे, जडहलके, गुळगुळीत-खरखरीत हे भेद शिंपल्यांवरूनही शिकता येतात, हे या प्रयोगाने दाखवून दिले. मुले जी भाषा घरी बोलत, तिच्यापासूनच शिक्षणाचा आरंभ केला जाई. मुलाचे अंग पुसणे आणि त्याला मोजायला शिकवणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, ही ताराबाईंची धारणा या दिनक्रमात स्पष्ट दिसते.

कोसबाड : विकासवाडी आणि पाळणाघर

१९५६–५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीजवळील कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. हा परिसर वारली आदिवासींच्या पाड्यांचा. येथे प्राथमिक शाळेतील गळतीचा प्रश्न प्रकर्षाने समोर आला. आईवडील शेतमजुरीला किंवा गवत कापायला गेले की धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम सहासात वर्षांच्या मुलीकडे येई. तिला शाळेत पाठवले तर तान्हे मूल कोणाजवळ ठेवायचे, हा घरच्यांचा खरा प्रश्न होता.

या अडचणीवर ताराबाई व अनुताई यांनी विकासवाडी ही योजना आखली. तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आली. मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. तीन ते सहा वर्षांची भावंडे बालवाडीत जात. कुटुंबातील सर्व वयोगटांची मुले एका ठिकाणी आल्यामुळे मुलगी शिकू शकली, तान्ह्याची देखभाल झाली आणि आईला निर्धास्तपणे मजुरीला जाता आले. वर्ग आणि पाळणाघर जवळजवळ असल्याने मोठ्या मुलांनाही बालसंगोपनाचे धडे प्रत्यक्ष मिळत.

मुलींना घरात अडकवणारे काम जसे भावंडे सांभाळण्याचे, तसे मुलग्यांना अडकवणारे काम गुरे राखण्याचे होते. त्यावर कुरणशाळा हा उपाय योजण्यात आला. शिक्षक गुरांमागे कुरणात जात आणि गुरे चरत असताना तेथेच मुलांना शिकवीत. पाळीपाळीने काही मुले गुरांवर लक्ष ठेवीत व उरलेली शिकत. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही चालवण्यात आले. अंगणवाडी, विकासवाडी व कुरणशाळा या तिन्ही प्रयोगांमागचे तत्त्व एकच होते : मूल शाळेत का येत नाही याचे कारण त्याच्या घरात शोधावे आणि शाळेची रचना त्यानुसार बदलावी.

लेखन आणि सार्वजनिक कार्य

ताराबाईंनी मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत बालशिक्षण, बालमानस आणि पालकत्व या विषयांवर विपुल लेखन केले. त्यांच्या लेखनाची भाषा सोपी व संवादी असून शास्त्रीय विचार रोजच्या घरगुती उदाहरणांतून समजावण्यावर तिचा भर आहे. काँग्रेसच्या वतीने त्या मुंबई प्रांताच्या विधानसभेवरही निवडून गेल्या होत्या. मात्र राजकारणापेक्षा प्रत्यक्ष शिक्षणकार्य हेच त्यांचे मुख्य क्षेत्र राहिले.

निधन आणि वारसा

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर अनुताई वाघ यांनी कोसबाडचे काम पुढे चालवले. त्यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. रत्नाकर मतकरी यांचे घर तिघांचं हवं हे नाटक ताराबाईंच्या जीवनावर आधारलेले आहे. सार्वजनिक कार्यात यशस्वी झालेल्या स्त्रीच्या घरगुती आयुष्यातील ताण हा त्याचा विषय आहे.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हेच नाव देण्यात आले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवांचा तिच्यात समावेश होता. एका किनारपट्टीच्या गावातील अंगणात वापरात आलेला शब्द त्यामुळे देशभरातील खेड्यांत रोजच्या बोलण्यात रूढ झाला.

नावाचा प्रसार झाला, तरी कोसबाडच्या प्रयोगातील एक महत्त्वाचा भाग या योजनेत सुरुवातीला आला नाही. अंगणवाडी दिवसातून काही तासच चालत असल्याने, दिवसभर कामावर राहणाऱ्या आईच्या तान्ह्या मुलाचा प्रश्न तिच्यातून सुटत नव्हता. पाळणाघरांसाठी स्वतंत्र सरकारी योजना राहिल्या. २०२२ मध्ये मिशन शक्ती अंतर्गत आलेल्या पाळणा या योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद करण्यात आली. सांभाळ आणि शिक्षण एकाच आवारात ठेवण्याची जी व्यवस्था ताराबाईंनी वारली पाड्यांसाठी उभी केली होती, तिच्याकडे जाणारे हे पाऊल आहे. शेतमजूर महिलांपासून शहरातील नोकरदार मातांपर्यंत सर्वांना भेडसावणारा हा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नसल्याने ताराबाईंच्या कार्याचा अभ्यास बालशिक्षण आणि स्त्रीअभ्यास या दोन्ही शाखांत महत्त्वाचा मानला जातो.