प्रश्न सोपे, निदान अवघड

स्मृतिभ्रंशाची प्राथमिक चाचणी आता टॅब्लेटच्या पडद्यावर काही मिनिटांत उरकता येते. शब्द ध्यानात ठेवणे, घड्याळाचे चित्र काढणे असे तिचे साधे स्वरूप असते आणि उत्तरास लागलेल्या वेळाचीही नोंद यंत्र ठेवते. ही सोय स्वागतार्हच आहे. तथापि, अशा चाचणीकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, हे जाणण्यासाठी ज्यांचे नाव या विकाराला मिळाले, त्या आलॉइस अल्झायमर यांच्या चरित्राकडे वळणे उचित ठरेल.

अल्झायमर यांचा जन्म १८६४ साली बव्हेरियातील मार्क्टब्राइट या गावी झाला. १८८७ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन पुढील वर्षी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथे फ्रान्झ निस्ल यांच्यासारखा सहकारी त्यांना लाभला. दिवसा रुग्णांची तपासणी आणि सायंकाळी सूक्ष्मदर्शक, असा या दोघांचा क्रम असे.

१९०१ च्या प्रारंभी अल्झायमर यांच्या पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ५१ वर्षांच्या ऑगुस्ट डेटर या बाई रुग्णालयात दाखल झाल्या. पती रेल्वेतील कारकून. अल्झायमर यांनी त्यांना नाव विचारले, पतीचे नाव विचारले, किल्ली, सिगार अशा वस्तू दाखवल्या. वस्तूंची नावे त्यांनी बरोबर सांगितली. परंतु थोड्याच वेळाने काय दाखवले होते, हे त्यांना आठवेना. अल्झायमर यांनी प्रत्येक उत्तर, चुकलेले असो वा अर्धवट, जसेच्या तसे टिपून ठेवले आणि पुढील दिवसांत तेच प्रश्न पुन्हा विचारले.

१९०३ मध्ये अल्झायमर एमिल क्रेपेलिन यांच्याकडे प्रथम हायडेलबर्गला व नंतर म्युनिकला गेले. पण या रुग्णाची चौकशी त्यांनी सोडली नाही. एप्रिल १९०६ मध्ये ऑगुस्टबाई वारल्या, तेव्हा त्यांचा मेंदू तपासणीसाठी मागवून घेतला गेला. त्यात पेशींबाहेरील साके आणि पेशींतील तंतूंचे गुंते आढळले. नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत अल्झायमर यांनी हे निष्कर्ष मांडले, पण श्रोत्यांनी त्यांची दखल घेतली नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकारास अल्झायमर यांचे नाव दिले. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापकपद मिळाले. परंतु १९१५ च्या डिसेंबरात, वयाच्या ५१ व्या वर्षीच, त्यांचे निधन झाले.

आजच्या चाचण्यांतील प्रश्नांचे अल्झायमर यांच्या प्रश्नांशी जवळचे नाते आहे. १९७५ साली मार्शल फोल्स्टीन व सहकाऱ्यांनी त्यांना ३० गुणांच्या छोट्या चाचणीचे रूप दिले. आता यंत्राने प्रश्न विचारण्याचा खर्च आणखी उतरवला आहे. निदानाचा खर्च मात्र तेवढा उतरलेला नाही.

साधे गणित करून पाहू. हजार वृद्धांपैकी ५० जणांना हा विकार आहे आणि चाचणी दहांपैकी नऊ वेळा बरोबर ठरते, असे समजू. मग ४५ खरे रुग्ण हाती लागतील. पण ९५ निरोगी माणसांवरही संशयाचा शिक्का बसेल. शिवाय शिक्षण, दृष्टी, भाषा आणि पडद्याची सवय यांचाही गुणांवर परिणाम होतो. ज्याने आयुष्यात कधी पाटीवर अक्षर गिरवले नाही, त्याचे अडखळणे म्हणजे रोग नव्हे.

लवकर निदानाचे महत्त्व वाढले आहे, यात शंका नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. आरंभीच्या अवस्थेत ते ऱ्हासाची गती काहीशी मंदावते. गेलेली स्मृती परत आणत नाही. म्हणूनच चाचणीनंतर तज्ज्ञाची भेट, पुढील तपासण्या आणि कुटुंबाला मार्गदर्शन यांची तरतूद नसेल, तर स्वस्त चाचणीतून केवळ भीतीच स्वस्त होईल. चाचण्यांवर पैसा खर्च करणाऱ्या शासनाने आणि रुग्णालयांनी या पुढच्या टप्प्यांसाठीही तेवढ्याच निष्ठेने निधी राखून ठेवावयास हवा. अल्झायमर यांचे मोठेपण प्रश्न विचारण्यात जेवढे होते, त्याहून अधिक ते चुकलेल्या उत्तरांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात होते.