एडिसन, त्यांची बॅटरी आणि हाडे गोठवणारा हिवाळा

थॉमस आल्वा एडिसन हे नाव उच्चारताच विजेचा दिवा आणि फोनोग्राफ आठवतात. या दोन शोधांनी त्यांना जगद्विख्यात केले तेव्हा ते तिशीत होते. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी एक असे काम हाती घेतले की ज्यात त्यांची दहा वर्षे गेली आणि प्रचंड पैसा खर्च झाला. विजेच्या मोटारीसाठी कधीही न बिघडणारी बॅटरी तयार करण्याचे ते काम होते. बॅटरी तयार झाली आणि ती कमालीची टिकाऊही निघाली. परंतु ज्या मोटारीसाठी ती घडवली, ती मोटार मात्र रस्त्यावरून नाहीशी झाली. या अपयशाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एकाकडे सहसा लक्ष जात नाही. ते कारण म्हणजे थंडी.

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या गावी झाला. ते सात वर्षांचे असताना कुटुंब मिशिगनमधील पोर्ट ह्युरॉन येथे राहावयास गेले. मोठ्या सरोवराच्या काठचे हे गाव; तेथे हिवाळ्यात पाणी गोठते आणि बर्फ साचतो. शाळेत या मुलाचे मन रमले नाही. त्याची आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होती. तिनेच त्याला घरी शिकवले. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने रसायनांची छोटी प्रयोगशाळाही थाटली होती. पुढे एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने रुळांवरून ओढून वाचवले आणि त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारयंत्राची विद्या शिकवली. तारयंत्राचा सारा संसार बॅटरीवर चालत असे. विजेशी त्याची पहिली ओळख झाली ती अशी, घटांतील आम्लाच्या आणि धातूंच्या संगतीत.

पुढची कीर्ती सर्वश्रुत आहे. १८७६ मध्ये मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये विजेचा दिवा आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र. १८८४ मध्ये पहिली पत्नी मेरी निवर्तली. दोन वर्षांनी मिना मिलर यांच्याशी विवाह झाला. १८८७ मध्ये न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे त्यांनी पूर्वीहून कितीतरी मोठी प्रयोगशाळा उभारली. परंतु १८९० नंतरचे दशक कष्टाचे गेले. कमी प्रतीच्या खनिजातून चुंबकाच्या साहाय्याने लोह वेगळे करण्याच्या उद्योगात त्यांनी आपली बहुतेक संपत्ती ओतली आणि ती बुडाली. अशा वेळी दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. एडिसन बॅटरीकडे वळले.

त्या काळी मोटारीचे भवितव्य ठरलेले नव्हते. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या. विजेची मोटार आवाज करीत नसे, धूर सोडीत नसे आणि ती चालू करण्यासाठी दांडा फिरवावा लागत नसे. तिची दुखरी नस एकच होती. शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी फार जड असे, तिचे आयुष्य थोडे असे आणि जरा हयगय झाली की तिच्या पट्ट्या खराब होत. ज्या घटातील द्रव स्वतःच्याच धातूला खातो तो घट मुळातच सदोष, अशी एडिसन यांची धारणा होती. आम्लाऐवजी अल्क वापरायचे, असे त्यांनी ठरवले.

१८९९ मध्ये प्रयोग सुरू झाले. एका बाजूस निकेलचे संयुग, दुसऱ्या बाजूस लोह आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, ही जोडी हजारो प्रयोगांनंतर निश्चित झाली. याच सुमारास स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा संशोधक जवळजवळ त्याच वाटेने चालला होता. त्याने निकेल-लोह घट करून पाहिला आणि निकेलबरोबर कॅडमियमही वापरले. एकस्वाच्या हक्कांवरून दोघांत दीर्घ वाद झाला. कॅडमियमचा घट थंडीत लोहाच्या घटापेक्षा बराच सरस ठरतो, हे पुढे जगाच्या अनुभवास आले. एडिसन यांनी मात्र लोहाची कास सोडली नाही. लोह स्वस्त होते आणि विपुल होते.

१९०३ मध्ये बॅटरी बाजारात आली. गाजावाजा मोठा झाला. पण काही महिन्यांतच डब्यांना गळती लागली आणि घटांची क्षमता उतरू लागली. एडिसन यांनी विक्री थांबवली, विकलेला माल परत घेतला आणि पहिल्यापासून काम सुरू केले. पुढची पाच वर्षे या दुरुस्तीत गेली. निकेल आणि तांबे यांचे एकाआड एक अतिशय पातळ थर चढवायचे, मग तांबे विरघळवून टाकायचे आणि उरलेल्या निकेलच्या तलम पापुद्र्यांनी विजेला वाट करून द्यायची, ही युक्ती त्यातूनच निघाली. द्रावणात लिथियम हायड्रॉक्साइडची भर पडली. घटांची मजबुती पाहण्यासाठी ते इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खाली फेकले जात. १९०९ मध्ये सुधारलेली बॅटरी आली, तेव्हा एडिसन बासष्ट वर्षांचे होते.

ही बॅटरी खरोखरच चिवट होती. पूर्ण रिकामी झाली, कित्येक दिवस तशीच पडून राहिली किंवा तिच्यात वाजवीपेक्षा जास्त वीज भरली गेली, तरी ती खराब होत नसे. अनेक वर्षांच्या वापरानंतरही ती चालत राही. डेट्रॉइट इलेक्ट्रिकसारख्या मोटारींत जादा पैसे मोजून ती बसवून घेता येत असे. माल पोचवणाऱ्या विजेच्या गाड्यांनीही ती स्वीकारली.

मग हिवाळा आला की काय होई? बॅटरीची वीज म्हणजे तिच्या पोटात चाललेली रासायनिक क्रिया. पारा उतरला की ही क्रिया मंदावते, द्रावणातील कण सावकाश सरकतात आणि विजेच्या वाटेतील अडथळा वाढतो. शिशाच्या बॅटरीलाही थंडी बाधते. ती रिकामी असेल तर तिच्यातील द्रव गोठून डबा फुटूही शकतो. परंतु लोहाचे दुखणे याहून मोठे होते. अल्काच्या थंड द्रावणात लोहाची पट्टी लवकर निष्क्रिय होते. पारा गोठणबिंदूच्या आसपास आला की एडिसन घटाची ताकद झपाट्याने घटे. थंडीने त्याचे कायमचे नुकसान होत नसे, उबेत आणला की तो पूर्ववत होई. पण बर्फाच्या रस्त्यावर निम्म्या वाटेत खोळंबलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? मोटार रात्री उबदार जागी ठेवणे, बॅटरीची पेटी चोहोबाजूंनी बंद ठेवणे आणि निघण्याच्या अगदी आधी वीज भरून घेणे, म्हणजे भरताना आलेली ऊब वाटेत उपयोगी पडेल, एवढेच इलाज हाती होते. त्यातून विजेच्या मोटारीला इंजिनाची फुकटची उष्णता नाही. बसणारे मांडीवर जाड पांघरूण घेऊनच निघत.

तरीही हिवाळा केवळ विजेच्या मोटारीचाच शत्रू होता असे नाही. पेट्रोलच्या मोटारीचे तेल थंडीत घट्ट होई आणि दांडा फिरवताना हात मोडण्याची भीती असे. चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो आला. या यंत्राला वीज थोडीच लागते. पण ती काही सेकंदांत, एकदम, मोठ्या झोताने लागते, आणि त्यातही गारठलेल्या सकाळी सर्वांत जास्त. शिशाची बॅटरी असा झोत देऊ शकत होती. एडिसन यांची बॅटरी मुळातच जास्त अडथळ्याची. थंडीत तर ती अगदीच हतबल होई.

येथे हेन्री फोर्ड यांचा संबंध येतो. फोर्ड एके काळी डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत अभियंता होते. १८९६ मध्ये भेट झाली तेव्हा एडिसन यांनीच त्यांना पेट्रोलच्या गाडीचा नाद न सोडण्याचा सल्ला दिला होता. पुढे दोघांची गाढ मैत्री जमली. फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवीत. १९१२ नंतर मॉडेल टी मोटारीसाठी बॅटरी आणि स्टार्टर तयार करण्याच्या कामी फोर्ड यांनी एडिसन यांना दहा लाख डॉलरांहून अधिक कर्ज दिले. १९१४ च्या आरंभी दोघांच्या स्वस्त विजेच्या मोटारीची वार्ताही पसरली आणि नमुने तयार झाले. त्यांतून काहीच बाजारापर्यंत पोचले नाही. मॉडेल टीला १९१९ मध्ये स्टार्टर मिळाला, तोही शिशाच्या बॅटरीसह.

डिसेंबर १९१४ मध्ये वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला भीषण आग लागली. सदुसष्ट वर्षांच्या एडिसन यांनी तो पुन्हा उभा केला. बॅटरीचा धंदाही बुडाला नाही. उलट तो त्यांच्या अत्यंत फायदेशीर उद्योगांपैकी एक ठरला. खाणकामगारांच्या डोक्यावरील दिवे, रेल्वेचे सिग्नल, आगगाडीच्या डब्यांतील उजेड, कारखान्यांतील मालवाहू गाड्या, जेथे सावकाश आणि वर्षानुवर्षे वीज हवी, तेथे तिने आपली जागा मिळवली. स्वतः एडिसन मात्र वार्धक्यात हिवाळा आला की फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथील आपल्या उबदार घरी जात.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथे त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या दिवशी, २१ ऑक्टोबरच्या रात्री, अमेरिकेत ठिकठिकाणी काही क्षण दिवे मालवून त्यांना मानवंदना देण्यात आली. तोवर विजेच्या मोटारी रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. अमेरिकेतील त्यांच्या बॅटरीचे उत्पादन १९७५ पर्यंत चालू राहिले.

२०२४ मध्ये कडक हिवाळ्याच्या नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी सुमारे नऊ विजेच्या होत्या. त्यांतील लिथियमच्या बॅटरीलाही थंडी बाधते. एका भरणीत कापता येणारे अंतर घटते आणि गारठलेल्या घटांत घाईने वीज भरणे त्यांना अपायकारक असते. म्हणून मोटार आपल्याच विजेतील थोडी खर्च करून आधी बॅटरी ऊबदार करते, आणि चालक तारेला जोडलेली असतानाच गाडी तापवून मग निघतात. थंडीवरचा मुख्य इलाज अजूनही एडिसन यांच्या ग्राहकांचाच आहे: घट उबेत ठेवावा आणि निघण्याआधी वीज भरावी. फरक इतकाच की ही काळजी तेव्हा माणसाला वाहावी लागे. आता बहुतांशी ती मोटार स्वतः वाहते.