केन सारो-विवा

केन सारो-विवा (१० ऑक्टोबर, १९४१ : बोरी, नायजेरिया - १० नोव्हेंबर, १९९५ : पोर्ट हारकोर्ट, नायजेरिया) हे नायजेरियन लेखक, दूरचित्रवाणी निर्माते व पर्यावरण चळवळीतील नेते होते. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील ओगोनी लोकांची शेते व खाड्या खनिज तेलाच्या उत्खननाने आणि वाहतुकीने नासत होत्या. त्याविरुद्ध त्यांनी अहिंसक लढा उभारला.

इबादान विद्यापीठात त्यांनी इंग्रजीचे शिक्षण घेतले. यादवी युद्धात (१९६७-७०) ते संघराज्याच्या बाजूने राहिले व बॉनी बंदराचे प्रशासक झाले. कच्चे तेल याच बंदरातून जहाजांत भरले जाते. पुढे ज्या व्यवस्थेशी ते झगडले, तिचे हे समुद्राकडील टोक. 'सोझाबॉय' (१९८५) ही मोडक्या इंग्रजीत लिहिलेली त्यांची कादंबरी विशेष गाजली.

==तेलवाहिन्यांविरुद्ध लढा==
ओगोनी भागात १९५८ मध्ये तेल सापडले. बॉनीकडे जाणाऱ्या तेलवाहिन्या शेतांतून व खारफुटीतून टाकण्यात आल्या. त्या गळू लागल्या, की तवंग भरतीबरोबर खाडीत पसरून खारफुटीच्या मुळांना चिकटे. मासे, खेकडे व शिंपले यांवर जगणाऱ्या गावांचा निर्वाहच त्यामुळे तुटे. सारो-विवा यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये ओगोनी हक्कनामा मांडला गेला. ४ जानेवारी, १९९३ रोजीच्या मोर्चात सुमारे ३ लाख लोक, म्हणजे निम्म्याहून अधिक ओगोनी समाज, सामील झाल्याचे मानले जाते. त्याच एप्रिलमध्ये बिआरा येथे नव्या वाहिनीसाठी उभी पिके बुलडोझरने सपाट करण्यात आली व निदर्शकांवर सैनिकांनी गोळीबार केला. त्या वर्षी शेल कंपनीने ओगोनी भागातील उत्पादन थांबवले. मात्र अन्य भागांतील तेल ओगोनी भूमीतून वाहतच राहिले.

==खटला व मृत्यू==
मे १९९४ मध्ये जमावाने चार ओगोनी प्रमुखांची हत्या केली. चळवळीच्या मार्गाविषयी या प्रमुखांचे सारो-विवा यांच्याशी मतभेद होते. घटनास्थळी नसतानाही चिथावणीच्या आरोपावरून सारो-विवा यांना अटक झाली. विशेष न्यायाधिकरणाच्या निकालावर अपिलाची सोय नव्हती. आठ सहकाऱ्यांसह त्यांना फाशी देण्यात आली. राष्ट्रकुलाने नायजेरियाचे सदस्यत्व लगेच निलंबित केले.

==नंतरच्या घडामोडी==
२००८ मध्ये बोडो येथे वाहिनी फुटून खाडी तेलाने भरली; २०१५ मध्ये शेलने ५.५ कोटी पौंड भरपाई मान्य केली. तत्पूर्वी २००९ मध्ये, दोष न स्वीकारता, फाशी गेलेल्यांच्या कुटुंबीयांशी १.५५ कोटी डॉलरची तडजोड झाली होती. जून २०२५ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी नऊही जणांना मरणोत्तर माफी दिली. माफीत अपराध गृहीत धरला जातो, म्हणून त्यांना निर्दोष घोषित करावे, अशी अनेक कार्यकर्त्यांची मागणी आहे.