सर जॅक हॉब्ज : मैदान, दुकान आणि घर

देवालयाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत विलायतेतील एका क्रिकेटपटूचे चरित्र कशाला, असे वडीलधारी मंडळी विचारतील. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की याच अंकातील देणगीदारांची यादी एकवार डोळ्यांखालून घालावी. त्यांत पोटासाठी गाव सोडून परमुलखी गेलेले, दुकानात, गिरणीत, कारखान्यात राबलेले आणि घरचे चुलीवरचे भांडे कधी रिकामे पडू न देणारे कितीतरी जण आहेत. हॉब्ज हे त्याच कुळीचे गृहस्थ. त्यांनी क्रिकेट खेळले तेही पोटासाठी. गावातील मुले बॅट हातात घेतात, त्यांनीही हे वाचावे.

जॉन बेरी ऊर्फ जॅक हॉब्ज यांचा जन्म १६ डिसेंबर १८८२ रोजी इंग्लंडमधील केंब्रिज येथे झाला. १२ भावंडांत हे थोरले. वडील मूळचे छपरावर पाटीच्या दगडाच्या फरशा बसविणारे कारागीर. परंतु क्रिकेटचे वेड जबर, म्हणून ते काम सोडून विद्यापीठाच्या मैदानावर गोलंदाजी करणे, पंचाचे काम करणे असे करीत करीत जीझस कॉलेजच्या मैदानाची देखभाल करणारे नोकर झाले. एवढ्या खटल्यात पगार तो काय पुरणार! जॅक शाळेला जाण्यापूर्वी एका घरी वरकाम करी व मग पाटी-दप्तर घेऊन शाळा गाठी. बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा सुटली. पुढे कॉलेजात नोकर आणि क्रिकेटचा हंगाम संपला की गॅसच्या नळांच्या फिटिंगची उमेदवारी, असा क्रम सुरू झाला.

खेळ शिकविण्यास कोणी गुरू नव्हता. सुट्टीत कॉलेजचे नोकर-चाकर टेनिसचा चेंडू घेऊन खेळत. बॅटऐवजी हातात स्टंप. बारीक दांडक्याने चेंडू मारावयाचा म्हणजे नजर शेवटपर्यंत चेंडूवरच ठेवावी लागते. हॉब्ज यांची सारी विद्या त्या दांडक्यातून आली, असे जाणकार मानतात. केंब्रिजमध्ये पार्कर्स पीस नावाचे मोठे सार्वजनिक मैदान आहे. कामावर जाण्याच्या आधी भल्या पहाटे तेथे जाऊन हा मुलगा सराव करी.

१९०२ साली वडील वारले. जॅक अवघा १९ वर्षांचा, मागे विधवा आई आणि लहान भावंडांची रांग. एसेक्स परगण्याच्या संघाकडे चाचणीसाठी विनंती केली होती, ती त्यांनी मानली नाही. अखेर केंब्रिजचेच रहिवासी व सरे संघाचे नामांकित फलंदाज टॉम हेवर्ड यांनी शब्द टाकला आणि १९०३ च्या वसंतात लंडनच्या ओव्हल मैदानावर चाचणी होऊन सरेने त्याला ठेवून घेतले. दोन वर्षे रहिवासाची अट पुरी करावी लागली. १९०५ साली पहिला सामना झाला तो डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या संघाविरुद्ध. १८ आणि ८८ धावा काढल्या. त्यानंतरच्या चँपियनशिपच्या पहिल्या सामन्यात १५५ धावा. हा सामना कोणाशी होता? त्याच एसेक्सशी! नकार देणाऱ्या त्या मंडळींच्या मनाला काय वाटले असेल, हे सांगण्याची जरुरी नाही.

१९०६ साली त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव एडा. दोघांची ओळख केंब्रिजच्या प्रार्थनामंदिरात झालेली. येथून पुढे हॉब्ज यांच्या आयुष्याचा हिशोब मांडावयाचा तर धावांबरोबर घराचा रकानाही धरावा लागतो. १९०७ च्या शरदात ऑस्ट्रेलियाचा पहिला दौरा आला. जहाजाचा प्रवास पाच-सहा आठवड्यांचा, बोट लागण्याचा त्रास भयंकर, आणि घरची आठवण त्याहून भयंकर. १ जानेवारी १९०८ रोजी मेलबोर्न येथे सुरू झालेल्या कसोटीत ते प्रथम खेळले व पहिल्या डावात ८३ धावा केल्या. पुढे १९११-१२ च्या दौऱ्यात तीन शतके झाली. मेलबोर्नलाच विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्यासह सलामीला ३२३ धावांची भागी झाली. सगळीकडे नाव झाले.

मग पहिले महायुद्ध आले. १९१४ सालीच सरेने त्यांच्या मदतीसाठी सामना ठेवला होता, परंतु ओव्हल मैदान लष्कराने ताब्यात घेतल्यामुळे तो लॉर्ड्सवर खेळवावा लागला व उत्पन्न बेताचेच झाले. घरी पत्नी व चार मुले, शिवाय आईचा भार. हॉब्ज यांनी प्रथम दारूगोळ्याच्या कारखान्यात काम धरले, एका शाळेत मुलांना क्रिकेट शिकविले आणि शनिवारी यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड लीगमध्ये पैसे घेऊन खेळले. त्यावरून टीका झाली. मोठमोठ्या लोकांनी नाके मुरडली. देश लढतो आहे आणि हा क्रिकेट खेळून पैसे मिळवितो, असा रोख. वास्तविक मागे इस्टेट असलेल्याला असे बोलणे सोपे असते. सात माणसांचे ताट ज्याच्या एकट्याच्या मनगटावर आहे त्याने काय करावे? १९१६ साली ते विमानदळात मेकॅनिक म्हणून दाखल झाले व युद्ध संपेपर्यंत राहिले. ऐन उमेदीची चार वर्षे अशी गेली.

सरेने झाल्या नुकसानीची जाण ठेवून १९१९ साली पुन्हा मदतीचा सामना दिला. त्याच साली हॉब्ज यांनी लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर खेळाच्या सामानाचे दुकान काढले. खेळाडूचे शरीर किती वर्षे चालणार, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. त्या काळी कित्येक नामवंत खेळाडू म्हातारपणी हालात मेले. हॉब्ज यांनी नुसती पाटी लावून गल्ल्यावर नोकर बसविला नाही. सामना नसेल त्या दिवशी ते स्वतः दुकानात उभे राहून गिऱ्हाइकाला बॅट दाखवीत. शाळकरी पोर असो की साहेब असो, वागणूक तीच. या दुकानाने मुलांची शिक्षणे झाली व घराला स्थैर्य आले.

तिकडे मैदानावर खेळ उतरणीला लागावा असे वय. १९२१ साली मांडीचा स्नायू फाटला व पाठोपाठ लीड्सच्या कसोटीत अपेंडिक्सचे दुखणे उद्भवून तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. माणूस थोडक्यात वाचला. पण त्यानंतर जे झाले ते नवलच. पूर्वीची धडाकेबाज फटकेबाजी त्यांनी आवरती घेतली, जोखीम कमी केली आणि आपल्या शतकांपैकी जवळजवळ निम्मी शतके वयाच्या चाळिशीनंतर काढली. प्रस्तुत लेखकाने चाळिशी ओलांडली असून कचेरीचा जिना चढताना धाप लागते, म्हणून हा आकडा विशेष मनावर ठसला.

१९२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याला त्यांनी आधी नकार दिला होता. पत्नीला बरोबर नेण्याची मोकळीक मिळाली तेव्हाच ते गेले. त्या मालिकेत तीन शतके झाली! हर्बर्ट सटक्लिफ यांच्याशी सलामीची जोडी या दौऱ्याआधी, १९२४ च्या उन्हाळ्यातच जमली होती आणि कसोटीत या दोघांनी १५ वेळा शंभराच्या वर भागी केली.

१९२५ साली ग्रेस यांचा १२६ शतकांचा विक्रम गाठण्यास एकच शतक उरले आणि तेच अडले. चार आठवडे वर्तमानपत्रवाले मागे लागून राहिले. शेवटी १७ ऑगस्ट रोजी टाँटन येथे ते झाले व दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डावात १२७ वेही. बरोबरी झाली तेव्हा कप्तान फेंडर पेला घेऊन मैदानात आले. लोकांना वाटले शँपेन; होते नुसते जिंजर एल.

१९२६ मध्ये ओव्हलवर पावसाने भिजून उन्हात वाळणाऱ्या खेळपट्टीवर हॉब्ज-सटक्लिफ यांनी १७२ ची सलामी दिली, त्यात हॉब्ज यांच्या धावा १००, आणि बऱ्याच वर्षांनी ॲशेस इंग्लंडला परत मिळाल्या. मार्च १९२९ मध्ये मेलबोर्नला १४२ धावा केल्या तेव्हा वय ४६ पूर्ण. एवढ्या वयात कसोटी शतक त्यांच्यानंतर कोणी काढलेले नाही.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इंग्लंडात त्या काळी खेळाडूंचे दोन वर्ग असत, हौशी आणि व्यावसायिक. हौशी म्हणजे साहेब लोक, व्यावसायिक म्हणजे मोलाने खेळणारे. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत येण्याची दारेही वेगळी. कप्तान नेहमी साहेबच. १९२६ सालच्या मँचेस्टर कसोटीत कप्तान कार आजारी पडले तेव्हा संघाचे नेतृत्व हॉब्ज यांनी केले. व्यावसायिकाने मायदेशी कसोटीत नेतृत्व करणे ही मोठीच घटना. पुढच्या कसोटीला पुन्हा हौशी कप्तान नेमला गेला. हॉब्ज यांनी भांडण केले नाही की तोंड वाकडे केले नाही. त्यांनी थोडे बोलावयास हवे होते, असे मात्र वाटते.

१९३०-३१ च्या हिवाळ्यात विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या संघाबरोबर ते आपल्या देशात व सिलोनमध्ये खेळण्यास आले. धर्माचरणी गृहस्थ, रविवारी प्रार्थनेचा दिवस म्हणून त्यांनी खेळण्याचे नाकारले. या दौऱ्यातील दोन शतके धरली तर त्यांची एकूण शतके १९९ होतात, न धरली तर १९७. ते सामने पहिल्या दर्जाचे नव्हते, असे स्वतः हॉब्ज यांचेच मत होते. स्वतःच्या खात्यातून दोन शतके आपणहून वजा करणारा माणूस विरळा! धावा धरल्या तरी ६१ हजारांच्या वर भरतात. कसोटी सामने ६१ आणि त्यांत धावा ५४१०.

शेवटचे शतक १९३४ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी झाले व दुसऱ्या वर्षी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. १९५३ साली राणीने सर हा किताब दिला. व्यावसायिक क्रिकेटपटूला हा मान प्रथमच मिळत होता. घ्यावा की नाही, याचाच त्यांना संकोच पडला होता. सगळ्या व्यावसायिक खेळाडूंचा हा मान आहे असे मनावर घेऊन त्यांनी तो स्वीकारला. सर झाल्यावरही दुकान सुटले नाही.

उतारवयात त्यांनी समुद्रकाठी होव्ह येथे घर केले होते. एडाबाईंची प्रकृती ढासळली. त्यांची सेवा हॉब्ज यांनी स्वतः केली आणि त्यापायी बाहेरचे जाणे-येणे कमी केले. त्यांच्या चाहत्या स्नेह्यांनी १९५३ पासून मास्टर्स क्लब नावाने त्यांच्या वाढदिवसाला एकत्र जेवण्याचा परिपाठ ठेवला होता आणि जेवणात हॉब्ज यांच्या आवडीचे साधेच पदार्थ असत. मार्च १९६३ मध्ये एडाबाई गेल्या. संसार ५६ वर्षांचा झाला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला हॉब्ज यांना ८१ वर्षे पूर्ण झाली आणि २१ तारखेला होव्ह येथील राहत्या घरी त्यांनी देह ठेवला.