लाकडी अंगरखा घालणारा पाणबुड्या : जॉन लेथब्रिज

सन १६७५ च्या सुमारास जन्मलेला जॉन लेथब्रिज हा इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात, न्यूटन ॲबट या गावी लोकरीचा व्यापार करीत असे. धंदा खालावला आणि घरात मुले तर सतरा! चाळिशीच्या या गृहस्थाने १७१५ साली ठरविले, की बुडालेल्या जहाजांतील धन वर काढून संसार सावरायचा.

पाण्याखाली जाण्याचे साधन तेव्हा नव्हते असे नाही. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले याने १६९१ मध्ये मोठी घंटा तयार केली होती; तिच्यात कोंडलेल्या हवेवर माणसे तळाशी बसत. पण अशा अवजड घंटेत बसून जहाजाच्या सांगाड्यात हात घालणे कठीण. लेथब्रिजने एकाच माणसाच्या, म्हणजे स्वतःच्या, अंगाचे साधन करायचे ठरविले.

आधी त्याने मोठ्या पिंपात स्वतःला कोंडून बाहेरच्या हवेवाचून अर्धा तास काढला. मग आपल्या फळबागेत चर खणून, तो पाण्याने भरून, त्यातही तोच प्रयोग केला. घरच्यांची तेव्हा काय अवस्था झाली असेल याची कल्पनाच करावी!

पुढे लंडनच्या एका पिंपे घडविणाऱ्या कारागिराकडून त्याने ओक लाकडाचे यंत्र बनवून घेतले. लांबी सहा फूट. डोक्याकडे रुंदी अडीच फूट, पायांकडे दीड फूट. दाबाने लाकूड चेपू नये म्हणून आतून-बाहेरून लोखंडी कड्या. पालथे पडल्यावर नेमकी डोळ्यांसमोर येईल अशी चार इंच व्यासाची जाड काच. वर हवेसाठी दोन भोके. भात्याने ताजी हवा भरायची, बुचे मारायची आणि खाली जायचे. तेवढ्या हवेवर तो चौतीस मिनिटेपर्यंत तळाशी राही.

खरी अडचण हातांची होती. काम करायचे तर हात बाहेर हवेत, म्हणून दोन भोके ठेवून त्यांना चामडी बाह्या लावल्या. बाही सैल राहिली तर पाणी आत, फार आवळली तर रक्त अडणार. शिवाय धड पिंपातील साध्या हवेत आणि हात मात्र समुद्राच्या पूर्ण दाबाखाली. त्यामुळे दहा वाव खोलीपर्यंत तो शेकडो वेळा गेला, पण बारा वावांवर फार हाल होत. आजही पाणबुड्याचा रबरी पोशाख मापाने बेतताना मनगट आणि मान यांची मापे काटेकोर घ्यावी लागतात. लेथब्रिजला हा प्रश्न दंडाशी सोडवावा लागला. कोपरापुढचे हात उघडे ठेवण्याचा त्याचा निर्णय मला धाडसाचा वाटतो, कारण त्याखेरीज यंत्राचा उपयोगच नव्हता.

हे यंत्र चालले. डच ईस्ट इंडिया कंपनीचे 'स्लॉट तर होगे' हे बटाव्हियाकडे निघालेले जहाज १७२४ मध्ये मदेइराजवळच्या पोर्तो सांतो बेटापाशी फुटले. त्यात चांदीच्या विटा होत्या. कंपनीने लेथब्रिजला महिना दहा पौंडांवर नेमले. पहिल्याच मोहिमेत त्याने ३४९ विटा वर काढल्या, आणि पुढेही तो तेथे पुन्हा पुन्हा गेला.

१७५९ साली तो वारला. २१५ वर्षांनी, १९७४ मध्ये, रोबेर स्तेन्वी या बेल्जियन पाणबुड्याने तेच जहाज पुन्हा शोधून काढले. चांदीच्या एका पेल्यावर लेथब्रिजच्या त्या मोहिमेचा नकाशा कोरलेला होता. त्यावरून त्याला जागा सापडली. लेथब्रिजच्या हाती न लागलेल्या काही विटा अजून तळाशी होत्या.