घरचे यंत्र आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणाचे चरित्र द्यावे, याचा विचार चालू असतानाच मंडळात एक पत्र वाचले गेले. आमच्या एका सभासदाचा मुलगा बीरगावात वाढला आणि आता कॅनडात स्थायिक झाला आहे. तेथे घरापुढील बर्फ हटविण्यासाठी त्याने स्नो ब्लोअर नावाचे यंत्र स्वस्तात मिळाले म्हणून घेतले. पहिल्याच हिवाळ्यात त्यातील बोटाएवढी एक खीळ तुटली, तशी दुसरी मिळेना, आणि यंत्र दारात निकामी उभे राहिले. यंत्र निवडावे कसे आणि राखावे कसे, असे त्याने वडिलांना विचारले होते. उरल्याच्या कारखान्यांत ज्यांची उमेद गेली, अशा आम्हां मंडळींना हा प्रश्न घरचाच वाटला. आणि त्याबरोबर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहिले.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले; परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना उमगत नसल्याने तो मार्ग सोडावा लागला. मग यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास करून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलली गेल्यावर त्या मानी पुरुषाने नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. तेथे बंधू रामूअण्णांसह त्यांचे सायकलींचे दुकान होते. सायकल विकावी, ती चालविण्यास शिकवावे आणि बिघडल्यास दुरुस्तही करून द्यावी, असा त्या दुकानाचा क्रम होता. विकलेल्या वस्तूशी दुकानदाराचे नाते संपत नाही, हा धडा त्यांच्या उद्योगाच्या पायातच बसला असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतर त्यांनी हाती घेतले ते कडबा कापण्याचे यंत्र. विळ्याने वा कुऱ्हाडीने तोडलेल्या कडब्याची लांब धाटे जनावरे अर्धवट टाकून देतात. बारीक कुट्टी केली की वैरण वाया जात नाही. कडबाकुट्टीची रचना तशी सोपी असते. रूळ वैरण आत ओढतात, फिरत्या चाकावरील पाती ती कापतात आणि तुकडे पुढे पडतात. परंतु सारी करामत असते ती पाते आणि तोंडाची पट्टी यांमधील अंतरात. ते वाढले की कडबा कापला न जाता चेचला जातो आणि चाक जड होते. पात्यांना वेळच्या वेळी धार लावणे, बोल्ट आवळणे, धुरेला तेल देणे आणि काम संपताच चाक अडकवून ठेवणे, एवढे ज्याने पाळले त्याचे यंत्र पिढी पाहते. ज्याने शेवटची मूठ हातानेच आत ढकलली, त्याची बोटे गेलेली आमच्यापैकी कित्येकांनी आपापल्या गावी पाहिली आहेत.

कडबाकुट्टीपाठोपाठ विसाव्या शतकाच्या आरंभी आला लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली. लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करी. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर शेतकऱ्याने जावे कोठे? ही शंका मात्र अडाणीपणाची नव्हती. नांगरात सर्वांत आधी झिजतो तो फाळच. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम यांनी 1803 मध्ये ओतकामात फाळाची खालची बाजू झटकन थंड करून ती कठीण करण्याची युक्ती काढली होती. त्यामुळे वरची मऊ बाजू आधी झिजे आणि धार आपोआप टिके. तरीही फाळ कधी ना कधी बदलावा लागणारच. म्हणून नांगर घेताना पाहावयाचे ते हेच, की फाळ सुटा निघतो काय आणि तसाच नवा जवळपास मिळतो काय.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. कुंडल रोड स्थानकाजवळच्या 32 एकर ओसाड माळावर निवडुंग आणि नाग यांचेच राज्य होते. त्या माळावर 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड दुर्मिळ झाले आणि कारखान्यापुढे बिकट प्रसंग उभा राहिला. पण वाडी तगली. ज्या लोखंडासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला, ते आज राजहऱ्याच्या खाणींतून भिलाईला जाते आणि आमच्या दारापुढून ट्रक भरभरून धावते. ते पाहताना आम्हांस वाडीची आठवण होते. 1920 मध्ये वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि आमच्या कित्येकांच्या घरी ते मुंबई-पुण्याकडून टपालाने येत असे.

आता कॅनडातील त्या मुलाकडे वळू. त्याचे यंत्र म्हणजे कडबाकुट्टीचेच दूरचे भावंड. मळसूत्री पाते बर्फ आत ओढते आणि धुराड्यासारख्या नळीतून तो दूर फेकला जातो. हलका बर्फ आणि फरसबंद अंगण असेल तर एकाच पात्याचे यंत्र पुरते. बर्फ दाट असेल किंवा वाट खडीची असेल तर ओढण्याचे आणि फेकण्याचे काम वेगवेगळ्या पात्यांनी करणारे घ्यावे. तुटलेली ती खीळ मुद्दामच मऊ धातूची केलेली असते. दगड अडकला की तिने तुटावे आणि दात्यांची पेटी वाचावी. तिच्या जागी जाड बोल्ट ठोकणारा दोन पैसे वाचवून सारे यंत्र गमावतो. म्हणून तशाच दोन-चार खिळा पहिल्या दिवशीच घेऊन ठेवाव्यात. हिवाळा सरताच तेल बदलावे, टाकीतील पेट्रोल काढून टाकावे, घासपट्टी झिजली असल्यास नवी बसवावी. नळी तुंबली तर इंजिन बंद करून, पाती पूर्ण थांबल्यावर, काठीनेच बर्फ काढावा. इंजिन बंद झाल्यावरही अडकलेले पाते एकदम फिरू शकते; हात घालणे म्हणजे पुन्हा कडबाकुट्टीचीच गोष्ट.

लक्ष्मणरावांचे देहावसान 26 सप्टेंबर 1956 रोजी झाले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय डाकखात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोडचे स्थानक आता किर्लोस्करवाडी म्हणून ओळखले जाते. परंतु आम्हांस त्यांचे खरे स्मारक वाटते ते फाळ बदलून पुन्हा शेतात उतरलेल्या नांगरात. आमच्यापैकी बहुतेक जण यंत्रे करणारे वा राखणारे. आपल्या हातून बाहेर पडलेला तुकडा कोणाच्या तरी दारात उभा राहणार आहे, हे भान आम्ही किती वेळा ठेवले, याचा हिशेब सुवर्णमहोत्सवी वर्षी मांडावा असे वाटते. मुलाला आम्ही कळविले आहे : यंत्र स्वस्त किती, हे शेवटी विचार, त्याची खीळ कोठे मिळते, हे आधी विचार.