मल्लवीर कै. खाशाबा जाधव

आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळांत यंदा असा विषय निघाला कीं, एकाहून अधिक वजनगटांत जिंकणारा वीरच सर्वश्रेष्ठ समजावा. अनुकूल पक्षानें अमेरिकेचा मुष्टियोद्धा हेन्री आर्मस्ट्राँग याचें उदाहरण दिलें. या वीरानें १९३८ सालीं तीन निरनिराळ्या वजनगटांचीं जागतिक अजिंक्यपदें एकाच वेळीं मिळवून राखिलीं होतीं. आपल्याहून जड प्रतिस्पर्ध्यासही जो नमवितो, त्याच्यापुढें इतरांचें तेज फिकें, असें त्या पक्षाचें म्हणणें होतें. प्रतिकूल पक्षाच्या एका विद्यार्थ्यानें उत्तरादाखल कै. खाशाबा जाधव यांचें नांव घेतलें, तेव्हां सभेंत थोडा हशा पिकला. खाशाबांनींही दोन ऑलिंपिक स्पर्धांत दोन वजनगटांतून कुस्ती केली होती. परंतु पहिल्या वेळीं त्यांचा क्रमांक सहावा आला व दुसऱ्या वेळीं तिसरा. मग जगज्जेत्याच्या शेजारीं त्यांचें नांव कशास ठेवावें? सभा संपली, तरी तो हशा आमच्या कानांतून जाईना. म्हणून खाशाबांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे. तें वाचून वाचकांनीं आपला निर्णय ठरवावा.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं सातारा जिल्ह्यांत, कराडनजीकच्या गोळेश्वर या खेड्यांत झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. त्यांच्या पांच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. कुस्तीचे पहिले धडे त्यांनीं वडिलांच्या हाताखालींच गिरविले. त्यांचें शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलांत झालें व पुढें ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे मल्लांचें माहेरघर. राजर्षि शाहू छत्रपतींनीं तालमींना उदार आश्रय देऊन १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें केलें होतें. अशा गांवीं या लहानखुऱ्या बांध्याच्या विद्यार्थ्याच्या चपळाईचें चीज झालें, यांत नवल नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या उमरग्याच्या आसपास जत्रांत जे कुस्त्यांचे फड भरतात, त्यांत लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्तीपासून अखेरच्या मोठ्या कुस्तीपर्यंत जोड नजरेनें लावितात. तेथें कोणी तराजू आणीत नाहीं. कुस्ती मातींत होते व पाठ लागली म्हणजे निकाल लागतो. ऑलिंपिकमधील रीत निराळी. तेथें मल्लास प्रथम कांट्यावर उभें करितात, त्याच्या वजनाप्रमाणें गट ठरवितात, कुस्ती मातीऐवजीं गादीवर होते आणि पाठ न लागल्यास गुणांवरून निकाल देतात. मातींत वाढलेल्या मल्लास गादीवरील पवित्रा व गुणांचा हिशेब हीं दोन्हीं नव्यानें शिकावीं लागतात.

१९४८ सालीं लंडन येथील ऑलिंपिकसाठीं खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनीं सोसला. तेथें रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचें मार्गदर्शन त्यांस लाभलें. ५२ किलोंपर्यंतच्या फ्लायवेट गटांत त्यांचा सहावा क्रमांक आला. गादीची संवय नसलेल्या खेडेगांवच्या तरुणानें एवढें यश मिळविलें, हेंच पुष्कळांस थोर वाटलें. पण खाशाबा त्यावर संतुष्ट राहिले नाहींत. पुढील चार वर्षें त्यांनीं अविश्रांत मेहनत केली व हेलसिंकीसाठीं तयारी केली, ती एक गट वर चढून, म्हणजे ५७ किलोंपर्यंतच्या बँटमवेट गटासाठीं.

पांच किलोंचा फरक ऐकावयास लहान वाटतो. परंतु धान्याच्या पोत्यांत पांच किलोंची भर पडणें निराळें आणि बावन्न किलोंच्या मल्लापुढें सत्तावन्न किलोंचा मल्ल उभा राहणें निराळें. वरच्या गटांतील प्रतिस्पर्ध्याची पकड अधिक भारी असते, आणि जो डाव खालच्या गटांत सहज बसत होता, तोच येथें अर्ध्यावर अडतो.

त्याहून भारी अडचणी आखाड्याबाहेर होत्या. संघाच्या निवडीच्या वेळीं गुणांवरून वाद उपस्थित झाला. खाशाबांनीं दाद मागितली. निरंजन दास यांच्याशीं त्यांची पुन्हां कुस्ती झाली व ती जिंकून त्यांनीं आपला हक्क सिद्ध केला. मग पैशांचा प्रश्न आला. गांवकऱ्यांनीं वर्गणी गोळा केली. पण ती पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्यासाठीं गुरूनें आपलें छप्पर पणास लावावें, अशीं उदाहरणें थोडींच आढळतात.

जुलै १९५२ मध्यें हेलसिंकी येथें खाशाबांनीं कॅनडा व मेक्सिको या देशांच्या मल्लांस हरविलें. जपानचा शोहाची इशी व रशियाचा रशीद ममदबेयोव या दोघांपुढें मात्र त्यांस हार पत्करावी लागली. इशीशीं झालेल्या दीर्घ झुंजीनंतर पुरेशी विश्रांति न मिळतां त्यांस पुन्हां गादीवर उतरावें लागलें आणि त्यांची बाजू मांडण्यास कोणी भारतीय अधिकारी तेथें हजर नव्हता, असें सांगतात. इशीस सुवर्ण, ममदबेयोव यास रौप्य व खाशाबांस कांस्य पदक मिळालें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें ऑलिंपिकमध्यें मिळविलेलें हें पहिलें वैयक्तिक पदक होय.

कराडास परतल्यावर शंभरांहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकींतून त्यांस गोळेश्वरास नेण्यांत आलें. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनीं काय केलें, तें अधिक ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांनीं कुस्त्यांचा फड भरविला, त्यांतून पैसा उभा केला आणि आपल्या प्राचार्यांचें गहाण पडलेलें घर सोडविलें.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार म्हणून रुजू झाले व साहाय्यक पोलीस आयुक्ताच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यांच्या हयातींत मोठा सरकारी सन्मान त्यांच्या वांट्यास आला नाहीं. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचें निधन झालें. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर. दिल्लींतील कुस्तीच्या क्रीडागारास २०१० सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें, तेंही पाहण्यास ते नव्हते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आर्मस्ट्राँगचा पराक्रम अलौकिक आहे, हें आम्हांस मान्य आहे. हेलसिंकीस ज्या दोघांनीं खाशाबांस हरविलें, त्यांची पदकें आम्ही मनानेंही हिरावून घेऊं इच्छीत नाहीं. परंतु अनुकूल पक्षाचेंच माप घेऊन पाहूं. खालच्या गटांत सहावा आलेला मल्ल, चार वर्षांनीं वरच्या जड गटांत तिसरा येतो. तें किती दुर्घट होतें, याची साक्ष पुढील काळानें दिली. भारतास दुसरें वैयक्तिक पदक लिअँडर पेस यानें १९९६ सालीं मिळवून दिलें, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनीं. आणि कुस्तींतील पुढचें पदक सुशील कुमार यानें २००८ सालीं, म्हणजे ५६ वर्षांनीं.

आणखी एक विचार. बरोबरीच्या वजनाच्या मल्लांची गांठ पडावी व न्याय व्हावा, म्हणून कांटा ठेवितात. पण तो कांटा केवळ देह तोलतो. कोणामागें शिक्षक, पैसा व सरकार उभें आहे आणि कोण गुरूच्या घराचें ऋण डोक्यावर घेऊन गादीवर उतरला आहे, हें त्या कांट्यावर दिसत नाहीं. खाशाबांनीं हें सारें ओझें वाहून कुस्ती केली, आणि परतल्यावर तें ऋण फेडलेंही. ज्याचें नांव घेतांच हशा पिकला, त्या विद्यार्थ्यानें योग्य नांव घेतलें होतें, असा आमचा निर्णय आहे. पुढील वर्षीं हाच विषय पुन्हां ठेवावा, अशी मंडळाच्या चिटणिसांस आमची विनंती आहे.